किनाऱ्याला उठाव आहे

मायाबंदर, उत्तर अंदमान
७ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामा,

शरणु. मामींनाही.

परवा फोनवर तुम्हाला काहीच ऐकू गेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी विचारलं, पाय कसा आहे, आणि तुम्ही म्हणालात, "व्हय, पोचली." मग फोन ठेवलात. जन्मभर मागांच्या खडखडाटात काढलेल्या कानांकडून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हे. मामी म्हणाल्या, कानाचं यंत्र आणलंय, पण ते तुम्ही गल्ल्यात जपून ठेवलंय. व्हॉट्सअ‍ॅपबद्दल तुमचं मत मला ठाऊक आहे, की तिथे लोक वाचत नाहीत, नुसतं पुढे ढकलतात. म्हणून हे पत्र.

निघताना तुम्ही विचारलं होतं, एवढ्या लांब जाऊन करणार काय. मी "अभ्यास" म्हणाले आणि तुम्ही विषय बदललात. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आता नीट सांगते. इथे किनाऱ्याला उठाव आहे. तो किती आहे आणि वर्षाला त्याचा दर काय पडतो, हे मला ठरवायचं आहे. ओहोटीची वेळ बघून रोज डोंगीने फिरते. डोंगी म्हणजे इथली मोटार लावलेली होडी. ती चालवणारे सॉ जॉन्सन करेन वस्तीतले, म्हणजे पूर्वी ब्रह्मदेशातून आलेल्यांपैकी आहेत. ते दिवसभर एक शब्द बोलत नाहीत, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटतं. दर ठरवायला वेळ लागतो. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. आमच्या मॅडम म्हणतात, निदान तीन वर्षं हवीत.

मामी माझ्या आणि गुरुशांतच्या लग्नाचं पुन्हा बोलल्या. मामाच्या घरात वाढलेली पोर मामाच्याच घरात राहील, हे मी दहावीपासून ऐकते आहे. त्याबद्दल मला असं म्हणायचं आहे की

(इथल्या दोन ओळी खोडल्या आहेत. कृपा करून उजेडात धरून वाचू नका.)

पायाला तेल लावत जा.

तुमची,
काव्या


॥ श्री सिद्धरामेश्वर ॥
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
२९ जानेवारी २०२५

चि. काव्या,

तुझं सात तारखेचं पत्र पोचलं. मजकूर समजला.

खोडलेल्या ओळी आधी ट्यूबलाइटखाली धरल्या, मग उन्हात धरल्या. लागल्या नाहीत. तू लहानपणापासून घट्ट खोडतेस. मामी म्हणाली, लाजून खोडलं असंल. मलाही तेच वाटलं.

खरं लिहितो. तू गेलीस तेव्हा माझं मन उडालं होतं. शेजारच्या कारखान्याचे चन्नप्पा चारचौघांत म्हणाले की पोरगी सोयरीक टाळायला पळाली. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर चहा बंद केला होता. काल त्यांना बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं. "किनाऱ्याला उठाव आहे" या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

इथे टॉवेलला उठाव नाही हे तुला माहीत आहे. दिवाळीपासून निम्मे माग झाकून ठेवलेत. आणि आमची पोर समुद्रापार जाऊन बाजार बघते, दर ठरवते, आणि मला सांगते की अभ्यास करते. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये हे मी गुरुशांतला रोज सांगतो, त्याच्या डोक्यात शिरत नाही. तुला कुणी न सांगता कळलं.

आता मला एवढं कळव. उठाव सगळ्या किनाऱ्याला सारखा आहे की ठरावीक भागात? पावसाळ्यात काय होतं? आणि मुख्य म्हणजे तो कायमचा आहे की आला आणि गेला, असला?

आशीर्वाद.
तुझा मामा,
ईश्वरप्पा


मायाबंदर
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामा,

शरणु. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाजार बघणं वगैरे तुम्ही तुमच्या भाषेत लिहिलंय, तरी मनात पोचलं. माझ्या कामाबद्दल तुम्ही पहिल्यांदाच प्रश्न विचारलेत, आणि तेही इतके नेमके. मॅडमनी मुलाखतीत मला अगदी हेच विचारलं होतं. त्यांना तुमचं पत्र दाखवून अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, तुझे मामा याच क्षेत्रात आहेत का?

उठाव सारखा नाही. पश्चिमेकडे जास्त, पूर्वेकडे कमी. खाली दक्षिणेला गेलं तर उलटंच, तिथे सगळं खचलेलं आहे. सगळ्यात मोठा उठाव २००४ साली झाला, त्सुनामी आली त्या दिवशी, एकदम. त्यानंतर कारभार संथ चालू आहे. पावसाळ्यात आकडे फसवे येतात, त्यांच्यावर जाऊ नये. कायमचा आहे का, हाच तर खरा प्रश्न. पूर्वीही असे उठाव येऊन गेले आणि पुढे हळूहळू सगळं परत खाली बसलं, असं दिसतं. इथली पोवळी बरीच मेली आहेत. मी मुख्यतः त्यांच्यावरूनच अंदाज बांधते.

दिवस छान जातात. अडचण एवढीच की काम सगळं ओलं आणि हात पुसायला धड टॉवेल मिळत नाही. मिळतो तो दमट हवेत वाळत नाही.

मागच्या पत्रात मी लाजून खोडलं नव्हतं. त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज मी फार आनंदात आहे आणि तो मला आजच घालवायचा नाही.

तुमची,
काव्या


॥ श्री सिद्धरामेश्वर ॥
सोलापूर
१४ मार्च २०२५

चि. काव्या,

पत्र पोचलं. मजकूर समजला.

त्सुनामीत लोकांच्या घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं वाहून गेलं असणार, तेव्हा एकदम उठाव आला हे पटतं. मात्र इतकी वर्षं थोडाथोडा टिकून आहे याचा अर्थ गिऱ्हाईक खरं आहे. पोवळ्याचा धंदा मेला हे वाचून वाईट वाटलं. तरी आपण आपलं टॉवेलचंच बघू. दुकान पश्चिमेला घ्यावं असं मी आणि चन्नप्पांनी मिळून ठरवलं आहे. त्यांच्याशी चहा पुन्हा सुरू केला.

झाकलेल्या मागांपैकी चार उघडले. दोन गाठी बांधून चेन्नईच्या जहाजानं पाठवल्या आहेत. एका गाठीत साधा माल आहे. पाणी चटकन पितो आणि लवकर वाळतो, तुमच्या हवेला बरा. दुसऱ्या गाठीत तुझ्यासाठी एक गंमत आहे. ती मी नक्षी विणणाऱ्या जेकार्डवाल्यापाशी स्वतः बसून करवून घेतली. त्यातलं थोडंच तिकडे पाठवलं, बाकीचं इथे लागेल.

पुढचं असं ठरवलंय. गुरुशांत तिकडे येईल, तुला घेऊन सोलापूरला येईल, लग्न होईल, मग दोघं परत जाऊन दुकान मांडा. तू दर बघ, तो विक्री बघेल. तू लांब गेलीस म्हणून मला झोप लागत नव्हती. आता लागते.

लाजून खोडलं नव्हतं म्हणतेस, मग कशानं, ते काही उमगलं नाही. मामी म्हणते, लाजलेली माणसं असंच म्हणतात.

तुझा मामा,
ईश्वरप्पा


मायाबंदर
१६ एप्रिल २०२५

तीर्थरूप मामा,

शरणु. दोन्ही गाठी पोचल्या.

गंमत मिळाली. प्रत्येक टॉवेलच्या एका काठाला "चि. गुरुशांत", दुसऱ्या काठाला "चि. सौ. कां. काव्या" आणि बरोबर मध्यभागी "शुभविवाह", असं लाल सुतात विणलेलं आहे. अक्षरं सुबक आली आहेत. लग्नात टॉवेल-टोपी देतात तेव्हा टॉवेल असा असावा, यात शंका नाही.

साधे टॉवेलही आले आणि लगेच कामाला लागले. इथे सगळ्यांना आवडले.

मामा, मला तुम्हाला बरंच लिहायचं आहे आणि ते नीट लिहायचं आहे. मला थोडे दिवस द्या. तोवर गुरुशांतचं तिकीट काढू नका.

काव्या


॥ श्री सिद्धरामेश्वर ॥
सोलापूर
४ मे २०२५

चि. काव्या,

पत्र पोचलं. मजकूर समजला. माल आवडला आणि कामाला लागला, म्हणजे संपला. चन्नप्पांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, आमच्या चादरींचं बघशील का? मी म्हणालो, आधी टॉवेल, मग बघू. माणसानं एकदम हो म्हणू नये.

तिकीट काढू नका म्हणून तू लिहिलंस, पण ते आधीच काढलं होतं. जूनच्या अखेरचं जहाज आहे. मुहूर्त तू आलीस की काढू. गुरुशांतनं दाढी करून घेतली आहे. जहाजात उलट्या होतात का, हे तो रोज कुणाला ना कुणाला विचारतो.

नीट लिहायला वेळ हवा म्हणतेस. घरात काय नीट लिहायचं? जसं येईल तसं लिही.

तुझा मामा,
ईश्वरप्पा


मायाबंदर
२२ मे २०२५

तीर्थरूप मामा,

शरणु. या पत्रात मी काही खोडणार नाही.

पहिली गोष्ट. मी उठाव म्हणाले तो मालाचा नव्हे. मी जमिनीबद्दल बोलत होते. इथला किनारा, म्हणजे जमीनच, समुद्रातून वर उठलेली आहे. पुस्तकात त्याला उत्थान म्हणतात. तो शब्द तुम्हाला जड जाईल म्हणून मी सोपा घेतला, आणि सोपेपणाचा हा परिणाम. तुम्ही प्रश्न विचारलेत तेव्हा मला वाटलं, तुम्हाला भूगर्भशास्त्राची गोडी लागली. गाठी आल्या तेव्हा उजेड पडला. चूक माझीही तेवढीच आहे. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

इथे होतं काय, ते टॉवेलवरूनच सांगते. कापायच्या टेबलावर एक टॉवेल पसरा. त्याच्या काठाखाली दुसरा टॉवेल सरकवत न्या, आणि वरच्याचा काठ कुणाला तरी खालच्यावर दाबून धरायला सांगा. खालचा पुढे रेटाल तसा वरच्याचा काठ त्याच्याबरोबर ओढला जातो, दबतो, आणि मागे फुगवटा येतो. हात सुटला की काठ एकदम वर उडतो. वरचा टॉवेल म्हणजे हे अंदमान. खालचा म्हणजे आपली भारताची जमीन, सोलापूरसकट. २००४ साली हात सुटला आणि पश्चिमेचा काठ वर आला. पोवळी पाण्याबाहेर पडून मेली. जिवंत पोवळं ओहोटीच्या पाण्याच्या वर वाढत नाही, म्हणून मेलेल्याचा माथा बघून पाणी पूर्वी कुठवर होतं ते कळतं. आता तो काठ वर्षाला किती सरकतो, आणि वर की खाली, ते मी मोजते. बोटाची नखं वाढतात त्याहून कमी. म्हणून तीन वर्षं.

टॉवेल विकले गेले नाहीत. साध्या टॉवेलांत मी पोवळ्याचे कापलेले तुकडे गुंडाळून ठेवते, त्यांना खरंच तोड नाही. नावांचे टॉवेल मी ट्रंकेत लपवणार होते, पण ती गाठ माझ्या आधी बाकीच्यांनी फोडली. सॉ जॉन्सन आपली लग्नपत्रिका खांद्यावर टाकून डोंगी चालवतात. मॅडम तिने हात पुसतात. देवनागरी वाचता येते ती एकट्या वॉचमनला, आणि तो मला रोज तारीख विचारतो.

दुसरी गोष्ट. मी गुरुशांतशी लग्न करणार नाही. त्याच्यात काही खोट नाही. पण आम्ही एका ताटात जेवलो, त्याचे आखूड झालेले शर्ट घालून मी शाळेत गेले. मी त्याला नवरा म्हणून बघू शकत नाही. पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. दुसरा कुणी माझ्या मनात नाही, तेही सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शोधत बसणार नाही.

आई गेल्यावर तुम्ही मला करमाळ्याहून आणलंत तेव्हा मी एसटीत तुमच्या मांडीवर झोपले होते, आणि मी जागी होईन म्हणून तुम्ही पाय हलवला नाहीत. मामी हे अजून सांगतात. तुम्ही रागावलात तर मला जायला दुसरं घर नाही. हे लिहिताना मला भीती वाटते आहे. तरी लिहिते.

काव्या


मायाबंदर
१० जुलै २०२५

तीर्थरूप मामा,

शरणु. पत्र तुम्हाला मिळाल्याचं पोस्टाच्या साइटवर दिसतं. तुम्ही वाचलंत का, एवढंच कळवा.

जूनचं जहाज येऊन गेलं. मी धक्क्यावर गेले होते. गुरुशांत उतरला नाही, तेव्हा बरं वाटलं आणि मग रडू आलं. मामींना फोन केला. त्यांनी जेवलीस का विचारलं, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ठेवला.

काव्या


॥ श्री सिद्धरामेश्वर ॥
सोलापूर
२१ ऑगस्ट २०२५

चि. काव्या,

दोन्ही पत्रं पोचली. मजकूर समजला असं मी दर वेळी लिहितो ती व्यापारातली सवय आहे. या खेपेला मजकूर समजायला वेळ लागला.

आधी मी रागात होतो, ते लपवत नाही. चार माग पुन्हा झाकावे लागले याचा राग नव्हता. चन्नप्पांना तोंड कसं दाखवू याचा होता, आणि तू एवढी वर्षं मनात ठेवून हसत राहिलीस याचा. गुरुशांतनं तुझं पत्र वाचलं आणि जहाजाचं तिकीट स्वतःच रद्द करून आला. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "आप्पा, तुमी मला सांगितलं म्हनून मी व्हय म्हनलो. इचारलं कुणीच न्हाय. ना तिला, ना मला." मग दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो.

परवा वीज गेली आणि टेबल मोकळं होतं, तेव्हा तू लिहिलेलं करून पाहिलं. मामीला वरच्याचा काठ दाबायला लावलं आणि मी खालचा टॉवेल रेटत नेला. मागे फुगवटा आला. पुन्हा केलं, पुन्हा आला. मला ते बघत राहावंसं वाटत होतं. शेवटी मामीचा हात दुखला आणि तिनं सोडला, तो काठ उडून माझ्या चष्म्यावर आला. मामी म्हणाली, "खालनं रेटतंय कोन? तुमीच की. मग त्या वरच्यानं उठू नये तर काय करावं?"

माग बंद होते. मला ते स्वच्छ ऐकू आलं.

तू लांब जाऊ नयेस म्हणून तुला घरातच द्यायची होती. दुसरा हेतू नव्हता. तेवढ्यासाठी मी दोघांनाही रेटत होतो. माझं चुकलं. गुरुशांतला आता भाऊ म्हण असं मी सांगणार नाही, ते तुमच्या दोघांच्याही तोंडात बसायचं नाही. नावानं हाक मारत होतीस तशीच मार. जायला दुसरं घर नाही असं लिहिलंस, ते वाक्य मला आवडलं नाही. दुसरं कशाला लागतं? आम्ही आहोत तोवर हे आहे, आणि आमच्यामागं गुरुशांत आहे. दिवाळीला यायचं. तुझा दर ठरला की कळव, घाई नाही. वॉचमनला सांग, तारीख नाही.

चन्नप्पा चादरींचं विचारायला आले होते. मी म्हणालो, तिथे उठाव आहे, पण मालाचा नाही. ते म्हणाले, मग कसला? मी म्हणालो, शाळेच्या पुस्तकात अठराशे सत्तावनचा असतो तसला. त्यांनी चहा पूर्ण प्यायला आणि गेले.

नावांचे टॉवेल इथे पुष्कळ उरले होते. विणलेलं अक्षर उसवत नाही, उसवायला गेलं तर टॉवेल फाटतो. म्हणून सगळे मधोमध कापले. गुरुशांतच्या नावाचे अर्धे त्यानंच कारखान्यात हात पुसायला ठेवले आहेत. तुझ्या नावाचे या पार्सलात पाठवले आहेत. आकारानं लहान झालेत, पण तुझ्या पोवळ्यांना पुरतील. "शुभविवाह" बरोबर कापावर आलं, ते दुमडीत गेलं. कड मामीनं दुहेरी दुमडून मशिनवर दोनदा शिवली आहे, सुटणार नाही.

तुझा मामा,
ईश्वरप्पा